झाकली मूठ कोणाची?



रहस्यकथेवर आपल्या अंकात कशाला लिहायचं, असं संपादक मंडळातल्या दोघींनी विचारलं. आधीच पानं कमी, त्यात पोटगीवरचा लेख दोन अंकांपासून मागे पडलेला. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी हट्टाने लिहिते आहे, कारण गेले दोन महिने हा विषय डोक्यातून जात नाही.

आमचा वाचनाचा गट महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी औरंगपुऱ्यात एकीच्या घरी जमतो. सगळ्याजणींना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून एकीने पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांना गोष्ट सांगायची, अशी आमची रीत. या खेपेला सगळ्यांत धाकटीने 'द ड्राय' नावाची कादंबरी आणली. लेखिका जेन हार्पर, प्रसिद्धी २०१६ सालची, गाव ऑस्ट्रेलियातलं. गावाचं नाव काल्पनिक आहे, पण दुष्काळ आपल्या ओळखीचा. दोन वर्षं पाऊस नाही, नदी आटलेली, शेतकरी कर्जात. एका शेतकऱ्याची बायको आणि शाळेत जाणारा मुलगा घरात गोळ्या घालून मारलेले सापडतात. तो स्वतः काही अंतरावर आपल्या गाडीत मेलेला, जवळ बंदूक. तान्ही मुलगी तेवढी वाचते. गाव दोन दिवसांत निकाल देऊन मोकळं होतं: दुष्काळाने बिचाऱ्याचं डोकं फिरलं, त्याने बायकापोरं मारली आणि स्वतःलाही संपवलं. त्याच्या अंत्यविधीला त्याचा बालमित्र येतो, तो आता शहरात पोलीस खात्यात आहे. वीस वर्षांपूर्वी याच गावातली सोळा वर्षांची एक मुलगी नदीत बुडून मेली होती. तेव्हा संशय याच मित्रावर आला होता आणि बापासकट त्याला गाव सोडावं लागलं होतं.

आता शेवट सांगते. रहस्य फोडल्याबद्दल माफी मागायची पद्धत आहे. मी मागणार नाही. शेतकऱ्याने कोणालाही मारलेलं नसतं. शाळेच्या मुख्याध्यापकाने जुगाराचं देणं फेडायला शाळेला मिळालेली देणगी हडप केलेली असते. शेतकऱ्याची बायको शाळेचे हिशेब बघत असते, आणि तिच्या ते लक्षात येतं. म्हणून ती मारली जाते, आणि ते लपवायला नवरा आणि मुलगा. वीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलीला तर तिच्या सख्ख्या बापानेच मारलेलं असतं. तो तिच्यावर अत्याचार करत होता आणि ती घर सोडून पळून जायच्या तयारीत होती. तिची भरलेली पिशवी आणि डायरी शेवटच्या पानांत एका झाडापाशी सापडते.

म्हणजे दुष्काळाने यात कोणालाच मारलेलं नाही. एका बाईने चोरी पकडली म्हणून ती मेली, एका मुलीने घराबाहेर पाऊल टाकायचं ठरवलं म्हणून ती मेली. आणि गाव मात्र वीस वर्षं आभाळाकडे बोट दाखवत बसलं. लेखिकेने हे सरळ दाखवलं याबद्दल तिला मी शंभरातले साठ गुण देईन. चाळीस कापले, कारण ज्या मुलीमुळे सगळी गोष्ट उभी आहे तिला स्वतःचं तोंड उघडायला लेखिका अगदी शेवटची पानं देते.

गोष्ट संपल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग गंगाखेडची आमची मैत्रीण म्हणाली, "हे तर आपलं मानवतच झालं की."

तिने मानवत म्हटलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पन्नास वर्षांनंतरही येतो. मी तेव्हा सेलूला होते, चौथीत. वडील जिनिंगमध्ये मुनीम. सेलूहून परभणीकडे जाताना मानवत रोड स्टेशन लागतं, तिथून आत गाव. मानवत म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ, आमच्याकडच्या माणसांचं तिथे सतत जाणं-येणं. १९७२ च्या नोव्हेंबरात तिथे खून सुरू झाले ते १९७४ च्या जानेवारीपर्यंत एकामागून एक होत राहिले. मारल्या गेल्या त्या मुली आणि बायका. कोणी दहा वर्षांची, कोणी पस्तिशीची. एक तर अंगावरचं दूध सुटायच्या वयाची.

आमच्या गल्लीत त्या वर्षी काय झालं ते कुठल्याही कादंबरीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. संध्याकाळी दिवे लागायच्या आत मुलींना घरात घेऊन कडी लावायचे. विहिरीवर घागर घेऊन जायचं ते चौघी-पाचजणींनी मिळून, बरोबर एखादी म्हातारी. परसाकडे जायचं तर आई दाराशी उभी. मुलांचे विटीदांडूचे डाव गल्लीत चालूच होते. कोंडलं ते आम्हाला. माझ्या वर्गातल्या दोघींची शाळा त्या भीतीत सुटली ती पुन्हा सुरूच झाली नाही. पुढे तीन-चार वर्षांत दोघींची लग्नं लागली. पोलिसांनी आरोपी पकडले, खटला उभा राहिला, तरी त्या दोघींना परत शाळेत घाला असं कोणाच्या मनात आलं नाही. मानवतच्या बळींची यादी कधी झालीच तर ती दोन नावंही त्यात धरावीत असं मला वाटतं.

आणि घरात काय बोलायचे? काहीच नाही. मी एकदा आईला विचारलं, "त्या पोरींना काय केलं गं?" आईने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "असलं विचारू नये." शेजारच्या आज्जी भाकरी थापताना कोणाला तरी सांगत होत्या ते मात्र लख्ख आठवतं. "मोठ्याचं असलं तर आपण बोलू नये, अन् पारध्याचं असलं तर पोलीस बघतील." या एका वाक्यात आपल्या समाजाची सगळी उतरंड आहे. गुन्हा कोणाचा हे ठरायच्या आधीच कोणाबद्दल गप्प बसायचं आणि कोणाला झोडायचं हे ठरलेलं होतं.

मानवतची गोष्ट पुढे बाहेर आली ती अशी: पिंपळाखालचा मुंजा, त्याला द्यायचं कोवळ्या मुलींचं रक्त, त्यातून मिळणारं गुप्तधन आणि पोटी होणारं मूल. फिर्यादी पक्षाने कोर्टात मांडली ती साधारण हीच. आरोपींमध्ये गावातला एक वजनदार पुढारी आणि त्याने 'ठेवलेली' पारधी समाजातली एक बाई. खटला परभणीच्या सत्र न्यायालयातून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला (आपल्या शहरातलं खंडपीठ तेव्हा व्हायचं होतं), तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि १९७७ साली शेवटचा निकाल लागला. कोणाला शिक्षा झाली आणि कोण सुटलं याचा काथ्याकूट मी इथे करत नाही. तो पन्नास वर्षं चहाच्या टपऱ्यांवर होतोच आहे. 'ठेवलेली' या शब्दाकडे मात्र क्षणभर बघा. भांडं फळीवर ठेवावं तशी बाई ठेवतात, आणि बोलणारा पुरुष असो की बाई, जीभ अडखळत नाही.

या घटनेवर १९८१ साली 'आक्रीत' सिनेमा आला. अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी आपल्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकात या प्रकरणावर लिहिलं. त्या पुस्तकावरून ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेब मालिका आली. कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, शिवाय सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे. कामं चांगली झाली आहेत, तेवढं कबूल. कायद्याच्या पुस्तकांत हाच खटला 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून येतो. माफीच्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवायचा, शिक्षा सुनावण्याआधी आरोपीचं म्हणणं कसं ऐकायचं, यासाठी वकील मंडळी आजही त्याचा दाखला देतात. आरोपीवर हात उचलायचा मोह पोलिसांना होतो, तो मुळातच खुडला पाहिजे, अशा अर्थाचं कोर्टाने त्यात सुनावलं आहे. ही मोलाचीच गोष्ट आहे, आणि पारध्यांच्या पालावर दर चोरीनंतर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तिची किंमत जास्त कळेल. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांच्या कपाळावरचा तो शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला, पोलीस ठाण्यात तो अजून पुसायचा आहे.

तर हिशेब असा झाला. कायद्याने खटल्याला एका आरोपीचं नाव दिलं, सिनेमाने 'आक्रीत' म्हटलं, मालिकेने गावाचं नाव घेतलं, नायकपद पोलीस अधिकाऱ्याला मिळालं. त्या शनिवारी मी गटाला विचारलं, मारल्या गेलेल्यांपैकी एकीचं तरी नाव सांगा. नऊजणी होतो. आरोपींची नावं सात जणींना पाठ होती, कारण मराठवाड्यात ती म्हणींसारखी झाली आहेत. मेलेल्या एकाही मुलीचं नाव कोणाला सांगता आलं नाही. मलाही नाही, जी पंचवीस किलोमीटरवर कडी लावलेल्या दाराआड बसली होती.

दगडू हे नाव आपल्याकडे का ठेवतात हे बायकांना सांगायला नको. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचं, म्हणजे मृत्यूची नजर पडत नाही. मुलगा जगावा म्हणून त्याचं नाव दगड. आणि मुलगी नको म्हणून तिचं नाव नकुशा. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ नकुशांची नावं सरकारी समारंभात बदलली गेली. नावाचा प्रश्न किरकोळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघावं.

पुढच्या आठवड्यात मी एका वकील मैत्रिणीकडून निकालपत्र मिळवलं आणि वाचलं. त्यात नावं आहेत. ती या लेखात छापावीत असा माझा आग्रह होता. त्यावरून बैठकीत भांडण झालं, चांगलं दीड तास. धाकटी म्हणाली, "ताई, त्यांची भावंडं अजून त्या भागात असतील. तुम्ही त्यांना विचारलंय का? नसेल विचारलं तर तुमच्यात आणि मालिकावाल्यांत फरक काय?" मला राग आला. घरी आल्यावर रात्रभर विचार केला आणि तिचं पटलं. म्हणून नावं छापत नाही.

तिने दुसरीही एक गोष्ट आठवण करून दिली, आणि खरं तर मी हा लेख लिहायला बसले ती त्यासाठीच. १९७२ हेच साल. मार्च महिना. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, तिथलं पोलीस ठाणं, मथुरा नावाची आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पोलीस निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते गावोगाव वाचलं गेलं, मोर्चे निघाले, बलात्कारविरोधी मंच उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं, पीडित स्त्रीची ओळख छापायला बंदी आली. आज आपण जी चळवळ म्हणतो तिचा एक मोठा झरा तिथून निघाला.

त्याच वर्षी, याच महाराष्ट्रात, आठ महिन्यांनी मानवत सुरू झालं. त्यातून काय निघालं? सिनेमा, पुस्तक, मालिका. मोर्चा निघाला नाही. आपणही नाही काढला, हे कबूल केलं पाहिजे. १९७५ नंतर मराठवाड्यात आमचे गट उभे राहिले, हुंड्यावर बोललो, दारूवर बोललो, नामांतराच्या वेळी पोळलेल्या वस्त्यांत गेलो. मानवतवर आम्ही एक पत्रक काढल्याचं मला आठवत नाही. का? कारण आम्हीही ते 'प्रकरण' म्हणूनच पाहिलं. अंधश्रद्धा, मांत्रिक, गुप्तधन, विचित्र माणसं. मथुरेच्या बाबतीत प्रश्न विचारला गेला होता की कायदा, पोलीस आणि कोर्ट गरीब बाईकडे कसं बघतात. मानवतच्या बाबतीत प्रश्न एवढाच राहिला की खुनी कोण? आणि खुनी कोण एवढाच प्रश्न असला की तो सापडल्यावर सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं असतं. रहस्यकथेची हीच तर सोय आहे. दोषी एक निघतो, बाकी सगळं गाव निर्दोष सुटतं.

रहस्यकथेशी माझं वैर नाही. बाबूराव अर्नाळकर मी पांघरुणात घेऊन वाचले आहेत. माझं भांडण आहे ते या नव्या लाटेशी, जिला आमच्या मुलुखाचा रखरखीतपणा फार आवडायला लागलाय. भेगाळलेली जमीन, वाळकं झाड, वर घिरट्या घालणारी घार, पडका वाडा, आणि खाली बारीक आवाजात गोंधळाचं संबळ. बघणाऱ्याला वाटतं, अशा भूमीत माणसं अशीच होणार. जमीनच क्रूर, तर माणसाचा काय दोष!

या जमिनीची बाजू घेऊन मी बोलणार आहे, कारण ती स्वतः बोलू शकत नाही. परभणीची जमीन काळी आहे, कापूस पिकवणारी आहे. १९७२ ला ती पावसाविना पडली होती हे खरं. पण त्या उन्हाळ्यात काय चित्र होतं? मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या माणसांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला, आणि त्यात बायकांची संख्या प्रचंड होती. तान्ही पोरं पाटीखाली सावलीत झोपवून त्या खडी फोडत होत्या. लाल मिलो खाऊन, सुकडी खाऊन दिवस काढत होत्या. त्यांच्या कष्टातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले, आणि त्यांच्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळाने माणूस क्रूर होत असता तर पहिला कोयता त्या बायकांनी उचलायला हवा होता. त्यांच्या अंगावर तर दुष्काळ सगळ्यांत आधी पडला होता. त्यांनी हातोडा उचलला तो दगडावर.

दुसरी सोय अंधश्रद्धेची. सगळं मांत्रिकावर आणि मुंजावर टाकलं की सुशिक्षित माणसाला हायसं वाटतं. आपण काही असले नाही! अंधश्रद्धेविरुद्धचा लढा मी कमी लेखत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, तेव्हा कुठे त्या वर्षी आधी अध्यादेश आणि डिसेंबरात नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनासाठी आणि पाण्याच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मानवतनंतर चाळीस वर्षांनी. पण कायदा आला तरी एक प्रश्न उरतोच. रक्त लागतं ते मुलीचंच का? मूल होत नाही याचा दोष बाईच्याच कुशीला का? एखाद्या बाईला मूल नाही म्हणजे तिला घरात, शेतात, पुरुषाच्या आयुष्यात कसलाच आधार नाही, अशी व्यवस्था कोणत्या मांत्रिकाने केली? ती तर आपण सगळ्यांनी, पुरोगामी घरांनीसुद्धा, ओटी भरताना आणि डोहाळजेवणाला कोणाला बोलवायचं नाही हे ठरवताना, रोज चालवली आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे जुनं झालं. मग आपल्याच जिल्ह्यात या. डिसेंबर २०२१, वैजापूर तालुका. एकोणीस वर्षांची मुलगी, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली, पोटात मूल. पोलिसांनी सांगितलं त्यानुसार, आई आणि भाऊ भेटायला म्हणून सासरी आले, लेक चहा ठेवायला वळली, आईने पाय धरले आणि भावाने कोयता चालवला. इथे दुष्काळ नव्हता, मुंजा नव्हता, पिंपळ नव्हता. होती ती फक्त घराची अब्रू. आणि पेपरांनी काय केलं? मथळ्यात एका सिनेमाचं नाव घातलं. मुलगी मेल्याबरोबर दुसऱ्याच्या गोष्टीतलं पात्र झाली. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली भरल्या. बाकीच्या कुठे गेल्या हे शोधायला रमाकांत कुलकर्णी लागत नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक बाईला दवाखाना ठाऊक होता, रिक्षावाल्यालाही ठाऊक होता.

कुटुंबाचं गुपित म्हणतात ते असं असतं. कादंबरीत ते शेवटच्या पानापर्यंत कोणालाच कळत नाही. खऱ्या आयुष्यात ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं, फक्त बोलायचं कोणी नाही हे ठरलेलं असतं. आमच्या सल्ला केंद्रात पूर्वी एक मुलगी आली होती, बारावीतली. कुठली ते लिहीत नाही. घरातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाचा प्रकार. चुलत बहिणींना माहीत होतं, काकूंना माहीत होतं, दूधवाल्याच्या बायकोलाही शंका होती. मुलीच्या आजीने आम्हाला हात जोडून सांगितलं, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडू नका." मी तेव्हा तिशीत होते, तडकाफडकी बोलायचे. विचारलं, "आज्जी, मूठ कोणाची आणि लाख कोणाचे?" आजींना उत्तर सुचलं नाही. रडायला लागल्या. पुढे बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझ्या येळंला बी हेच झालतं." साठ वर्षं ती मूठ त्यांनी आवळून धरली होती, आणि त्यातला एक छदामही त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

तक्रार शेवटी झाली नाही. मुलगी मामाकडे गेली, शिकली, आता नोकरी करते. तो माणूस सन्मानाने वारला, गावाने दुखवटा पाळला. यावर कोणी मालिका काढणार नाही, कारण यात प्रेत नाही आणि पोलीस नाही. पण वाड्यात दडलेलं गुप्तधन म्हणतात ते हेच असावं असं मला वाटायला लागलंय. बायकांनी न बोललेलं सगळं तिथे पुरलेलं असतं, आणि त्यावर घराची प्रतिष्ठा व्याज खात बसते.

जे लेखक आणि दिग्दर्शक या मुलुखात गोष्टी शोधायला येतात त्यांना माझं सांगणं आहे. या, जरूर या. चहा पाजू. पण येताना खुनी कोण हे आधीच ठरवून येऊ नका. दुष्काळ, काळी माती, मांत्रिक, पारधी, वेडी बाई ही तुमची ठरलेली यादी बाजूला ठेवा. कोणाला माहीत होतं, कोणी गप्प बसायला सांगितलं, गप्प बसल्याने कोणाची जमीन, कोणाची खुर्ची, कोणाचं लग्न वाचलं, हे विचारा. आणि मेलेली मुलगी पहिल्या पाच मिनिटांत उसाच्या फडात किंवा नाल्यात पडलेली दाखवून पुढे आठ भाग तिला विसरू नका. ती शाळेत जात होती का, तिला गजगे खेळता यायचे का, आईने तिच्यासाठी परकर शिवायला टाकला होता का, हे ज्याला विचारावंसं वाटत नाही त्याने तिचं प्रेत वापरू नये.

मालिकेमुळे समाजात जागृती होते, असं एका ओळखीच्या प्राध्यापकांनी मला ऐकवलं. मालिका आल्यावर त्यांच्या कॉलेजातली मुलं-मुली कशाबद्दल बोलत होती असं मी विचारलं. म्हणाले, आरोपींबद्दल, आणि कोण कसं दिसतं याबद्दल. मग आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

आता एक काम. धाकटीच्या म्हणण्याला मान देऊन आम्ही तिघी पुढच्या महिन्यात मानवत, पाथरी, सेलू भागात जाणार आहोत. निकालपत्रातली नावं घेऊन दारं ठोठवायला नाही. ज्यांना आपणहून बोलायचं असेल त्यांचं ऐकायला. १९७२-७३ साली त्या भागात ज्या मुली होत्या त्या आज साठीच्या पुढे आहेत. ज्यांना ते वर्ष आठवतं, ज्यांची शाळा तेव्हा सुटली, ज्यांच्या आयांनी दाराला कडी लावली, त्यांनी अंकाच्या पत्त्यावर लिहून पाठवावं. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्यावं. नाव छापायचं नसेल तर पत्रावर तसं स्पष्ट लिहावं, छापणार नाही. माझ्या वर्गातल्या त्या दोघींपैकी एकीचं माहेर जिनिंगच्या मागच्या बोळात होतं आणि तिचा आवाज प्रार्थनेत सगळ्यांत उंच लागायचा. तिच्या वाचनात हे आलं, तर तिने आधी लिहावं.